मंडळावरच्या सदस्याला हटवताना: गणपूर्ती, मतमोजणी आणि अपूर्णांकाचा छेद

नऊ जणांचं मंडळ आहे. सभेला सात जण हजर आहेत. एका सदस्याला मंडळावरून दूर करण्याचा ठराव मताला टाकला जातो. बाजूने चार, विरोधात दोन, एक तटस्थ. नियमावलीत लिहिलेलं आहे, ‘दोन तृतीयांश बहुमताने’. ठराव मंजूर झाला का?

दिलेल्या मतांचे दोन तृतीयांश धरले तर सहापैकी चार, म्हणजे बरोबर दोन तृतीयांश; ठराव मंजूर. हजर सदस्यांचे धरले तर सातपैकी पाच मतं हवीत. ठराव एका मताने पडला. मंडळाच्या एकूण संख्येचे धरले तर सहा हवीत. दोन मतं कमी. हात तेच वर झाले, निकाल मात्र वेगळे.

अपूर्णांकात वरचा अंश आणि खालचा छेद, हे आपण शाळेत शिकलो. सदस्याला हटवायची वेळ येते तेव्हा सगळ्यांचं लक्ष अंशाकडे असतं: आपल्याकडे मतं किती? पुढे वाद पेटतो तो बहुतेक वेळा छेदावरून: किती जणांपैकी? सभेची तारीख ठरवण्याआधी छेद ठरवा, आणि तो लेखी ठरवा. या लेखातल्या बाकीच्या पायऱ्या त्याच्याभोवतीच फिरतात.

आधी हे ठरवा: पद काढायचं आहे की सदस्यत्व?

अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही पदं आणि मंडळावरची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंडळाने आपल्यातूनच एखाद्याला अध्यक्ष निवडलं असेल, तर बहुतेक ठिकाणी मंडळच त्याला अध्यक्षपदावरून उतरवू शकतं. पण तो मंडळावर आलाच मुळात सर्वसाधारण सभेच्या मतांनी, तर त्याची जागा काढून घेण्याचा अधिकार सहसा त्या सभेकडेच राहतो. टाटा सन्समध्ये हे सगळ्यांनी पाहिलं. सायरस मिस्त्री यांना 24 ऑक्टोबर 2016 रोजी संचालक मंडळाने कार्यकारी अध्यक्षपदावरून दूर केलं, तरी ते संचालक राहिलेच. संचालकपद गेलं ते 6 फेब्रुवारी 2017 रोजी, त्यासाठी बोलावलेल्या भागधारकांच्या विशेष सभेत.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: याला इथे कोणी बसवलं? सभेने निवडून दिलं, दुसऱ्या संस्थेने प्रतिनिधी म्हणून पाठवलं, की न्यायालय वा न्यायाधिकरणाने नेमलं? पाठवलेल्या प्रतिनिधीला परत बोलावणं हे सहसा पाठवणाऱ्याचं काम असतं. भारताच्या कंपनी कायद्यात न्यायाधिकरणाने कलम 242 खाली नेमलेल्या संचालकाला भागधारक हटवू शकत नाहीत. आपल्या हातात नसलेला अधिकार मंडळाने वापरला, तर एकमताने झालेला ठरावही टिकत नाही.

नियमावली एकेक शब्द लावून वाचा

वाचण्याचा क्रम ठरलेला आहे. सर्वात वर कायदा, त्याखाली संस्थेची घटना किंवा उपविधी, त्याखाली सभेने स्वीकारलेली कामकाजाची नियमपुस्तिका, आणि सर्वात खाली ‘आमच्याकडे असंच चालतं’. हटवण्याच्या बाबतीत या शेवटच्या गोष्टीला जवळजवळ काहीच वजन नसतं, हे नाइलाजाने सांगावं लागतं; कारण बैठकीत सर्वात मोठ्या आवाजात तीच सांगितली जाते.

एका शब्दाने किती फरक पडतो बघा. 1876 पासून निघत आलेल्या ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर’ या नियमपुस्तिकेत एक बारकावा आहे. उपविधीत कार्यकाळ ‘दोन वर्षं किंवा उत्तराधिकारी निवडला जाईपर्यंत’ असा असेल, तर पदाधिकाऱ्याची निवड मुदतीआधी रद्द करता येते. त्यासाठी दिलेल्या मतांचे दोन तृतीयांश लागतात. आगाऊ सूचना दिली असेल तर साधं बहुमत पुरतं. सूचना नसली तरी संपूर्ण सदस्यसंख्येच्या बहुमतानेही चालतं. पण तिथे ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ असेल, किंवा नुसता ‘दोन वर्षं’ असा ठाम कार्यकाळ असेल, तर हा सोपा रस्ता बंद होतो. मग ठोस कारण दाखवून, आरोप ठेवून, रीतसर चौकशी करूनच हटवता येतं. उपविधीत हटवण्याची स्वतःची पद्धत दिलेली असेल, तर अर्थात तीच लागू. तुमची संस्था ही पुस्तिका पाळत नसली तरी वाचण्याची ही सवय लावून घ्या. कार्यकाळाचं कलम, हटवण्याचं कलम, सूचनेचं कलम आणि गणपूर्तीचं कलम ही चारही समोर ठेवा आणि अधोरेखित करत वाचा.

छेद

नियमावलीत सहसा भेटणारे शब्दप्रयोग आणि त्यांचे अर्थ असे.

‘दिलेल्या मतांच्या’ म्हणजे बाजूची आणि विरोधातली मतं तेवढी. तटस्थ राहणारा, कोरी चिठ्ठी टाकणारा मोजणीतून गळतो. नुसतं ‘बहुमताने’ लिहिलेलं असेल तर बहुतेक नियमपुस्तिका आणि कंपनी कायदे हाच अर्थ धरतात.

‘उपस्थित सदस्यांच्या’ म्हणजे खोलीतला प्रत्येक जण छेदात येतो. इथे तटस्थ राहणं म्हणजे विरोधात मत देण्यासारखंच. हे सभेआधी सर्वांना सांगणं मला अत्यावश्यक वाटतं. ‘मी कुणाच्याच बाजूने नाही’ म्हणून हात खाली ठेवणारा माणूस प्रत्यक्षात ठराव पाडत असतो, आणि ते त्याला ठाऊक नसतं.

‘उपस्थित व मतदान करणाऱ्या’ या शब्दांनी आपण पुन्हा पहिल्या अर्थाकडे येतो. ‘व मतदान करणाऱ्या’ हे शब्द आहेत की नाहीत, हे दोनदा तपासा.

‘एकूण सदस्यसंख्येच्या’ हा सर्वात कडक छेद. गैरहजर माणूसही इथे विरोधातच मोजला जातो. त्यात आणखी एक गाठ असते: एकूण म्हणजे मंजूर जागा की भरलेल्या जागा? नऊ जागांपैकी दोन रिकाम्या असतील तर सातांचे दोन तृतीयांश 4.67, म्हणजे पाच मतं, नवांचे सहा. राजीनामे पडून विस्कटलेल्या मंडळात हा एका मताचा फरकच सगळं ठरवतो.

कंपन्यांमध्येही दोन वेगळे छेद दिसतात. भारतात 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 169 आणि ब्रिटनमध्ये 2006 च्या कायद्याचं कलम 168 संचालकाला साध्या ठरावाने हटवू देतात. बाजूची मतं विरोधातल्या मतांपेक्षा जास्त झाली की पुरे. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या कायद्यात मात्र मतदानाचा हक्क असलेल्या एकूण शेअर्सचं बहुमत लागतं. समजा शंभर शेअर्स आहेत, सभेत साठ आले, चाळीस बाजूने आणि वीस विरोधात पडले. पहिल्या दोन ठिकाणी संचालक गेला. डेलावेअरमध्ये तो राहिला, कारण तिथे एक्कावन्न हवे होते.

आता पूर्णांक करण्याबद्दल. मतं अर्धी नसतात, त्यामुळे आकडा नेहमी वरच्या पूर्णांकाकडे न्यायचा. दहांचे दोन तृतीयांश 6.67, म्हणजे सात. सहावर समाधान मानता येत नाही. नियमावलीत ‘दोन तृतीयांश’ असताना तोंडी ‘66 टक्के’ म्हणू नका. पन्नासपैकी 33 मतं म्हणजे बरोबर 66 टक्के, पण दोन तृतीयांशाला 34 लागतात. तसंच ‘पन्नास टक्के अधिक एक’ हा शब्दप्रयोग. नवाचे निम्मे साडेचार, त्यात एक मिळवलं की साडेपाच, म्हणून सहा हवीत, असं कोणीतरी म्हणतोच. ‘निम्म्याहून अधिक’ म्हटलं की पाच, वाद मिटला.

ज्याला हटवायचं आहे त्याचं मत हा छेदाचाच भाग आहे. नियम त्याला मतदानापासून रोखतो का? रोखत असेल तर तो छेदातूनही वजा होतो का? सात जणांच्या मंडळात ‘एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश’साठी पाच मतं लागतात, त्याला वजा करून सहा धरले तर चार पुरतात. नियम याबाबत गप्प असेल तर त्याला मत देऊ द्यावं आणि छेदातही धरावं, असं माझं मत आहे. त्याचं मत धरूनही मंजूर झालेल्या ठरावाला या मुद्द्यावर आव्हान देता येत नाही. ते काढून टाकून मिळवलेला विजय कायम संशयाखाली राहतो.

कधीकधी नियमावलीच एखाद्याच्या मताला जादा वजन देते. 1970 मध्ये ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे आलेल्या एका प्रकरणात तीन भावंडांच्या कंपनीत प्रत्येकाचे शंभर शेअर्स होते. नियमावलीत तरतूद होती की संचालकाला हटवण्याच्या ठरावावर त्या संचालकाच्या प्रत्येक शेअरला तीन मतं मिळतील. दोघी बहिणींची मिळून दोनशे मतं, एकट्या भावाची तीनशे. ही तरतूद वैध ठरली आणि भाऊ संचालकपदावर राहिला. कंपन्यांमध्ये हात वर करून आणि शेअर्सनुसार असं दोन्ही प्रकारे मतदान होऊ शकतं, आणि दोन्हींचे निकाल वेगळे येऊ शकतात. मोठा भागधारक दुखावलेला असेल तर शेअर्सनुसार मतदानाची मागणी होणार हे धरूनच तयारी करा.

गणपूर्ती: किती जण आल्याशिवाय सभा नाही

गणपूर्ती, म्हणजे बोलीभाषेतला कोरम, आणि बहुमत यांची गल्लत करू नका. गणपूर्ती सभेला जिवंत ठेवते, बहुमत ठराव मंजूर करतं. नऊच्या मंडळात पाचांची गणपूर्ती असेल आणि हटवायला एकूण सदस्यांचे दोन तृतीयांश, म्हणजे सहा मतं लागत असतील, तर पाच जणांची सभा पूर्णपणे वैध असूनही त्या दिवशी ठराव मंजूर होणं अशक्य आहे. मी अशा वेळी सभापतींना सुचवतो की विषय पुढच्या तारखेला ढकला, हरलेलं मतदान नोंदवून घेऊ नका. एकदा नामंजूर झालेला ठराव ठराविक काळ पुन्हा आणता येत नाही, अशी अट अनेक नियमावल्यांत असते.

सभासदांच्या सभेचे आकडे कायद्यात असू शकतात. भारतात खासगी कंपनीला दोन सदस्य स्वतः हजर असावे लागतात. सार्वजनिक कंपनीत एक हजारापर्यंत सदस्य असतील तर पाच, पाच हजारांपर्यंत पंधरा, त्यापुढे तीस. ‘स्वतः’ हा शब्द विसरू नका; दुसऱ्याच्या वतीने आलेली प्रॉक्सी गणपूर्तीत धरली जात नाही. संचालक मंडळाच्या बैठकीला एकूण संख्येच्या एक तृतीयांश किंवा दोन, यांपैकी जे जास्त असेल ते.

गणपूर्ती झाली नाही तर काय, हे आधीच वाचून ठेवा. कंपनी कायद्यात अर्धा तास वाट पाहून सभा पुढच्या आठवड्यात त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच जागी तहकूब होते, आणि तहकूब सभेत हजर असतील तेवढ्यांचीच गणपूर्ती धरतात. पण सदस्यांनी मागणी करून बोलावलेली सभा असेल तर ती तहकूब होत नाही, रद्दच होते. हटवण्याच्या सभा बहुतेक अशा मागणीवरच होतात, म्हणून हा अपवाद फार महाग पडतो. मागणी करणाऱ्यांनी आपली माणसं वेळेत पोचतील हे फोन करून पक्कं करावं.

सभेच्या मध्येच गट उठून जाणं ही जुनी युक्ती आहे. सुरुवातीला गणपूर्ती होती एवढं पुरतं की मतदानाच्या क्षणीही हवी, हे तुमच्या नियमांवर ठरतं. सुरक्षित मार्ग एकच: मतदानापूर्वी पुन्हा मोजा आणि आकडा मोठ्याने सांगा. या बाबतीत माझी चूक झालेली आहे. एका मंडळाचा सचिव असताना अशाच एका सभेत एक सदस्य रागाने निघून गेला आणि मी त्याची वेळ टिपली नाही. तो मतदानाआधी गेला की नंतर, यावर पुढे कित्येक महिने पत्रव्यवहार चालला. माझ्या वहीत उत्तर नव्हतं, आणि दोन्ही बाजूंना माझ्यामुळे त्रास झाला. तेव्हापासून मी हजेरीपटावर ‘आले’ आणि ‘गेले’ असे दोन रकाने आखतो.

सूचना

सूचना वेळेत आणि नेमकी हवी. ‘संघटनात्मक बाबींवर चर्चा’ असल्या गोलमोल विषयाखाली कुणाला हटवता येत नाही. ‘आयत्या वेळचे विषय’ यात तर कधीच नाही. विषयपत्रिकेत सदस्याचं नाव, पद आणि ‘दूर करण्याचा ठराव’ हे शब्द हवेत.

मुदतीचा अंदाज यावा म्हणून: भारतीय कंपनी कायद्यात संचालकाला हटवण्याची विशेष सूचना सभेच्या किमान चौदा दिवस आधी कंपनीकडे पोचावी लागते, आणि त्यात सूचनेचा व सभेचा दिवस धरत नाहीत. ब्रिटनमध्ये अठ्ठावीस दिवस. दोन्हीकडे ज्याच्याविरुद्ध ठराव आहे त्याला त्याची प्रत लगेच द्यावी लागते. त्याला लेखी म्हणणं मांडता येतं आणि सभेत बोलता येतं, मग तो स्वतः सदस्य असो वा नसो. याच कारणाने भारतात हा विषय टपाली मतदानाने उरकता येत नाही, आणि ब्रिटनमध्ये खासगी कंपनीलाही सह्या फिरवून तो मंजूर करता येत नाही. ज्याला बोलण्याचा हक्क आहे त्याच्यासाठी सभा भरावीच लागते.

सूचना पोचल्याचा पुरावा ठेवा: पोचपावती, रजिस्टर टपालाची पावती, किंवा नियमावलीत मान्य असेल तर ईमेल. ज्याला हटवायचं आहे त्याच्या सूचनेबद्दल तर दुप्पट काळजी घ्या.

सभेचा दिवस

अध्यक्षालाच हटवायचं असेल तर त्याने त्या विषयापुरती खुर्ची सोडावी. उपाध्यक्ष किंवा सभेने निवडलेला सदस्य खुर्चीत बसेल. खुर्चीतल्या व्यक्तीला निर्णायक मत आहे का, हेही मतदानाआधी जाहीर करा. तसं मत नसेल तर समसमान मतं पडली की ठराव पडतो.

सभापतींनी सुरुवातीलाच हे वाचून दाखवावं, आणि ते लिहूनच आणावं:

“मंडळाच्या मंजूर जागा 9, भरलेल्या 8, आत्ता हजर 7. गणपूर्ती 5, ती पूर्ण आहे. कलम अमुकनुसार हा ठराव उपस्थित सदस्यांच्या दोन तृतीयांश, म्हणजे आत्ताच्या हजेरीनुसार 5 मतांनी मंजूर होईल. तटस्थ सदस्य उपस्थितांत धरले जातील. यावर कोणाची हरकत असेल तर ती आत्ताच नोंदवावी.”

हरकत घ्यायची योग्य वेळ हीच. निकाल अजून कुणालाच ठाऊक नसतो, म्हणून माणसं नियमावर बोलतात, माणसावर नाही. कोणी मध्ये आलं किंवा गेलं तर आकडा पुन्हा सांगा.

मग सूचक ठराव मांडेल, अनुमोदक अनुमोदन देईल. त्यानंतर ज्याच्याविरुद्ध ठराव आहे त्याला बोलू द्या. वेळ ठरवून द्या, पण ती भरपूर द्या, आणि मध्ये तोडू नका. तो माणूस त्या खोलीत एकटा असतो. बरीच वर्षं त्याने याच टेबलाशी बसून काम केलेलं असतं. त्याचं लेखी म्हणणं आलं असेल आणि सदस्यांना आधी पोचलं नसेल तर ते वाचून दाखवा.

नियम मना करत नसेल तर मतदान गुप्त घ्या. रोज एकमेकांना भेटणाऱ्या माणसांकडून हात वर करून घेतलेलं मत मोकळं नसतं. चिठ्ठीवर ‘ठरावाच्या बाजूने’ आणि ‘ठरावाच्या विरोधात’ एवढंच छापा. ‘होय / नाही’ छापलं तर ‘होय, ते राहू देत’ असा अर्थ घेणारा एखादा निघतोच. मोजणीला दोन्ही बाजूंचा एकेक माणूस बसवा. काही जण व्हिडिओवरून जोडलेले असतील तर नियमावली त्यांना उपस्थित धरते का हे आधी पाहा, आणि त्यांच्या गुप्त मताची सोयही आधीच करा.

दोन किंवा अधिक सदस्यांना हटवायचं असेल तर प्रत्येकासाठी वेगळा ठराव, वेगळं म्हणणं, वेगळं मतदान.

इतिवृत्त

भाषणांचा सारांश लांबलचक लिहू नका. आरोप इतिवृत्तात सविस्तर उतरवले की बदनामीचा वेगळा वाद उभा राहतो. आकडे मात्र सगळे हवेत. नमुना असा:

“ठराव क्र. 3. श्री. / श्रीमती अमुक यांना कलम अमुकनुसार मंडळाच्या सदस्यत्वावरून आजपासून दूर करण्यात यावे. सूचक: … अनुमोदक: … सूचना पोचल्याचा दिनांक: … संबंधित सदस्यांनी सायंकाळी 5.40 ते 6.05 आपले म्हणणे मांडले. मतदानसमयी हजर 7, गणपूर्ती 5. बाजूने 5, विरोधात 1, तटस्थ 1, बाद 0. आवश्यक मते 5. ठराव मंजूर.”

बाजूची, विरोधातली, तटस्थ आणि बाद यांची बेरीज हजेरीशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर सभा संपण्याआधीच शोधा. ‘रॉबर्ट्स रूल्स’नुसार गणपूर्ती नसताना झालेलं काम नंतर रद्द ठरवायचं तर स्पष्ट आणि पटण्याजोगा पुरावा लागतो, आणि सर्वांत आधी पाहिला जातो तो हजेरीपट.

ठराव मंजूर झाल्यावर

निर्णय संबंधितांना त्याच दिवशी लेखी कळवा. बँकेतल्या सहीचे अधिकार, संगणकाचे पासवर्ड, शिक्के, दस्तऐवज यांचा ताबा यादी करून घ्या आणि यादीवर दोघांच्या सह्या असू द्या. नोंदणी कार्यालयाला कळवण्याची मुदत पाहा. भारतीय कंपनीला संचालक बदलाचा फॉर्म तीस दिवसांत भरावा लागतो. रिकामी जागा त्याच सभेत भरायची असेल तर तिची सूचनाही आधीच दिलेली हवी. आणि हटवलेल्या संचालकालाच मंडळ त्या जागेवर परत नेमू शकत नाही, हे कलम 169 मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे.

शेवटचं काम त्याच संध्याकाळी करा. भरलेल्या जागा आता आठच्या सात झाल्या. तुमची गणपूर्ती भरलेल्या जागांच्या निम्म्याहून अधिक अशी असेल तर ती पाचवरून चारवर आली. मंजूर जागांवर असेल तर पाचच राहिली. नवा आकडा हजेरीवहीच्या पुढच्या पानावर वरच लिहून ठेवा आणि खाली सभापतींची सही घ्या.